ज्याच्यासाठी घेतलं तो पळाला, जिला गरज नव्हती ती अंगणातच येईना

कुत्र्यांसाठीचं अदृश्य कुंपण सव्वा वर्ष वापरून झालंय म्हणून आता लिहिते. बॉक्स उघडून दाखवणारे रिव्ह्यू ढिगाने आहेत, आणि दोन आठवडे वापरून पाच स्टार देणारेही भरपूर, मी पण त्यांचंच वाचून घेतलं होतं. अदृश्य कुंपण म्हणजे जमिनीत वायर पुरायची, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालायचा आणि तो हद्दीजवळ गेला की आधी बीप आणि मग शॉक. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण माझी तक्रार एका कंपनीबद्दल नाहीये, सगळ्यांचं तंत्र आतून साधारण सारखंच असतं.

आमच्याकडे दोन कुत्रे. खंड्या, वय तीन, बारीक, लांब पायांचा, डोक्यात कायम काहीतरी शिजत असतं, गेट दोन इंच उघडं राहिलं तरी हा पसार. आणि चिंगी, वय सात, गोल, शांत, दार सताड उघडं टाकलं तरी उंबऱ्यावर बसून राहील. कुंपण घ्यायचं ठरलं ते अर्थातच खंड्यामुळे. दोनदा गाडीखाली येता येता वाचला होता. चिंगीसाठी पण पट्टा घेतला कारण जोडीने घेतला की स्वस्त पडत होता, आणि नवरा म्हणाला असू दे, सेफ्टी. ही जी सेफ्टी आहे ना, तीच सगळ्यात महाग पडली, ते पुढे सांगते.

आधी हे चालतं कसं ते, कारण हे नीट कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. घरात एक ट्रान्समीटर, भिंतीवर लावायचा छोटा डबा. त्याच्या एका टोकातून निघालेली वायर पूर्ण आवाराला वळसा घालून परत दुसऱ्या टोकाला आली पाहिजे, लूप पूर्ण बंद हवा, कुठेही तुटला तर डबा किंचाळायला लागतो. वायरमधून हलका रेडिओ सिग्नल जातो, पट्ट्यातल्या रिसीव्हरला तो सापडला की बीप, कुत्रा आणखी पुढे गेला की पट्ट्यावरचे दोन धातूचे खिळे असतात त्यातून झटका. म्हणजे लक्षात घ्या, वायरला हात लावला तर काही होत नाही, शॉक वायरमध्ये नसतोच, तो कुत्र्याच्या गळ्यातल्या बॅटरीत असतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगावं लागलं, सगळे पाय उचलून चालायचे. ही कल्पना काही नवीन नाही, अमेरिकेत १९७३ पासून हे विकलं जातंय, म्हणजे माझ्यापेक्षा म्हातारं तंत्र आहे.

बसवायला आम्हाला दोन रविवार लागले. व्हिडिओत माणूस दुपारी जेवणाआधी सुरू करतो आणि चहापर्यंत संपवतो, त्याचं आवार बहुतेक टेबलावर असेल. आमचा लूप साधारण १३० मीटरचा झाला, बॉक्समध्ये दीडशे मीटरचं बंडल होतं म्हणून वाचलो. खोल खणायचं नसतं, दोन-तीन इंच पुरतं, फावड्याने चीर पाडायची, वायर दाबायची, पायाने मिटवायची. गाडीच्या रस्त्यावर मात्र काँक्रीटमध्ये बारीक खाच कापावी लागली. आता ज्या चुका आम्ही केल्या त्या सांगते, फुकट घ्या. कोपरे काटकोनात वळवले होते, तिथे सिग्नल विचित्र यायचा, गोलसर वळवायचे असतात. घरापासून लूपपर्यंत दोन वायरी जातात, त्या एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, पीळ दिला की दोघींचे सिग्नल एकमेकांना मारतात आणि तेवढ्या जागेत कुत्रा बिनधास्त फिरू शकतो. आम्ही पीळ दिलाच नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी घराच्या दारातच हद्द तयार झाली आणि चिंगी पायरी उतरल्या उतरल्या बीप. पीळ हाताने देत बसू नका, ड्रिल मशीनला टोक अडकवा, दोन मिनिटांत होतं. विजेच्या मोठ्या केबलला समांतर वायर टाकू नका, ओलांडायचीच असेल तर आडवी, काटकोनात. आणि जोड घरच्या टेपने गुंडाळू नका, आत पाणी गेलं की पहिल्याच पावसात डबा किंचाळणार, आमचा किंचाळला, रात्री तीन वाजता.

तुटलेली वायर शोधणं हा वेगळा छळ आहे. जमिनीखाली १३० मीटर, कुठे तुटलीय कळायला मार्ग नाही. शेवटी अर्धं-अर्धं करत शोधलं, म्हणजे मधल्या जागी वायर उघडी करायची, जास्तीच्या वायरीने डब्यापासून तिथपर्यंत तात्पुरता लूप पूर्ण करायचा, चालला तर बिघाड दुसऱ्या अर्ध्यात, नाही तर याच अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. सापडली गुलाबाच्या आळ्याजवळ, माझ्याच खुरप्याने तुटलेली. नवरा काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

असो. बसवल्यावर वाटतं झालं. इथेच सगळे फसतात. कुत्र्याला वायर दिसत नाही, त्याला कसं कळणार हद्द कुठे? म्हणून बॉक्समध्ये पन्नासेक छोटे पांढरे झेंडे येतात, ते हद्दीवर दोन-तीन मीटरवर रोवायचे आणि कुत्र्याला दोरी लावून रोज दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं शिकवायचं. पहिले काही दिवस शॉक पूर्ण बंद, फक्त बीप. बीप आला की दोरीने मागे वळवायचं, वळला की खाऊ, शाबासकी, उड्या. बीप म्हणजे वळ, एवढंच डोक्यात बसवायचं. नंतर शॉक सगळ्यात कमीवर, नंतर बाहेर एखादा माणूस उभा करून, बॉल टाकून, मोह दाखवून. पंधरा दिवस तरी. मग झेंडे एकाआड एक काढत जायचे. हे सगळं पुस्तिकेत लिहिलेलं आहे आणि पुस्तिका कोणी वाचत नाही. आम्ही वाचली, तरी सहाव्या दिवशी कंटाळून शॉक चालू केला, ही आमची चूक, ती कंपनीच्या माथी मारणार नाही.

आता चिंगी. चिंगीला आयुष्यात एकूण दोन झटके बसले. दोनच. पहिला बसला तेव्हा ती केकाटली आणि सरळ घरात, पलंगाखाली. दुसरा चार दिवसांनी, आणि त्या वेळी नेमका गेटबाहेरून एक सायकलवाला चालला होता. बास. तिच्या डोक्यात जे गणित बसलं ते आम्ही शिकवलेलं नव्हतं. सायकल आली की मानेला चावतं. त्या दिवसापासून आमची चिंगी, जी चोरालासुद्धा शेपटी हलवेल, ती सायकल दिसली की गुरगुरायला लागली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले हे नेहमीचं आहे, कुत्रा झटक्याचं कारण जमिनीत शोधत नाही, त्या क्षणी समोर जे असेल त्याला धरतो, मग तो सायकलवाला असो, शेजारचं पोर असो की दुसरा कुत्रा. मला हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. पुढे पुढे ती अंगणातच यायला तयार होईना. सकाळी शू करायला पायरीवरून उतरायची, तिथेच कडेला उरकायची, परत आत. आणि बीपचं तर असं झालं की वॉशिंग मशीन संपल्यावर बीप वाजतो, मायक्रोवेव्हचा वाजतो, प्रत्येक बीपला ही दचकून पलंगाखाली. मशीनचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन बंद केला, मायक्रोवेव्हचा बंद होत नाही, त्यामुळे आता आम्ही त्याच्यासमोर उभं राहून शेवटचा एक सेकंद उरला की दार उघडतो. हसू नका.

आणि खंड्या, ज्याच्यासाठी हा सगळा घाट. खंड्या शिकला, मस्त शिकला, तिसऱ्या दिवशी बीपला वळायला लागला. पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरत होते की घ्याच म्हणून, तेव्हा लिहिलं असतं तर मी पण पाच स्टारच दिले असते. मग एक दिवस बाहेरून मांजर गेलं. खंड्या अंगणाच्या त्या टोकापासून सुटला तो बाणासारखा, हद्दीवर एक छोटा क्यांव आणि पलीकडे. गणित करून बघा, पळणारा कुत्रा ताशी तीसच्या आसपास धरला तरी सेकंदाला आठ मीटर होतात, हद्दीचा पट्टा दीड-दोन मीटरचा, म्हणजे पाव सेकंद. बीप वाजून शॉक सुरू होईपर्यंत हा पार. आणि डोक्यात शिकार चढलेली असताना तो एक झटका त्याला मुंगी चावल्यासारखा. त्यानंतर जे झालं ते कोणी विचारातच घेत नाही. मांजर झाडावर गेलं, खंड्याचा जोश उतरला, परत आला, हद्दीजवळ आला आणि बीप. वळला. परत आला, बीप, वळला. शिकवल्याप्रमाणेच वागत होता बिचारा! बाहेर जायला झटका एकदाच खाल्ला, पण घरी यायला शांत डोक्याने तोच झटका खायचा म्हणजे कोण खाईल. रस्त्याच्या कडेला बसून रडत होता. मी धावत जाऊन डबा बंद केला तेव्हा आला. आम्ही घरी नसतो तर रात्रीपर्यंत बाहेरच. म्हणजे जे कुंपण त्याला आत ठेवायला होतं ते त्याला बाहेर ठेवण्यात एकदम पक्कं निघालं.

शॉक वाढवा, असं कस्टमर केअरवाल्याने सांगितलं. एकदा वाढवून बघितला, तो पण मी आधी स्वतःच्या हाताला लावून बघितला, आणि प्रत्येकाने घ्यायच्या आधी हे करून बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या लेव्हलला मुंग्या आल्यासारखं. वरच्याला हात आपोआप मागे आला आणि तोंडातून शिवी. त्यानंतर मी तो परत खाली केला आणि तिथेच ठेवला.

खंड्याची आणखी एक करामत, ही सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला कळलं की हद्दीजवळ, शॉकच्या अलीकडे, एक जागा आहे जिथे नुसताच बीप वाजत राहतो. हा तिथे जाऊन आरामात पडून राहायचा, बीप बीप बीप, तासभर. मला वाटायचं खेळतोय. बॅटरी उतरायची! उतरली की उठून अंग झटकून बाहेर. योगायोग म्हणाल तर म्हणा, मी तीनदा बघितलंय. पट्ट्याचा दिवा बॅटरी उतरली की लाल होतो, पण तो दिवा कुत्र्याच्या गळ्याखाली केसांत, दिसणार कोणाला. किटमध्ये छोटा टेस्टर येतो, दोन खिळ्यांना लावून वायरजवळ नेला की पेटतो, तो रोज सकाळी लावून बघायचा. म्हणजे आणखी एक काम. आणि लाइट गेली की ट्रान्समीटर बंद, कुंपण गायब, वेगळा बॅटरी बॅकअप घ्या, आम्ही नंतर घेतला.

मानेच्या जखमांबद्दल जरा नीट वाचा. चार महिन्यांनी चिंगीच्या मानेवर बरोब्बर दोन गोल लाल चट्टे दिसले, पू धरलेले. मी घाबरले, वाटलं शॉकने भाजली. डॉक्टर म्हणाले भाजलेलं नाही, हे दाबाने झालंय, दोन खिळे एकाच जागी तासन्‌तास रुतले की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरायला लागते, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होतात तशाच. पट्टा दिवसात बारा तासांच्या वर घालायचाच नाही, रात्री काढायचा, मधून मधून जागा बदलायची, मान रोज चाचपायची. आता गंमत बघा, पट्टा सैल ठेवला तर खिळे कातडीला टेकत नाहीत आणि शॉक लागत नाही, घट्ट केला तर जखमा. एक बोट जाईल इतका, असं सांगतात. कोणाचं बोट?

आणि सगळ्यात साधी गोष्ट जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. हे कुंपण फक्त त्याच्यासाठी आहे ज्याच्या गळ्यात पट्टा आहे. बाहेरचे कुत्रे, माणसं, पोरं, सगळे आत येऊ शकतात. एका दुपारी भटका मोठा कुत्रा सरळ चालत आत आला, चिंगी पळायला गेली तर मागे बीप, पुढे तो. कोपऱ्यात अडकून उभी होती. मी काठी घेऊन धावले म्हणून काही झालं नाही. स्वतःच्या घरात तिला पळायला जागा नव्हती, आणि ती जागा पैसे देऊन आम्हीच बंद केली होती.

हे माझ्याच नशिबी आलं असंही नाही. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ९७४ कुत्र्यांची माहिती गोळा केली होती, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या जर्नलमध्ये छापून आली. अशा अदृश्य कुंपणातले ४४ टक्के कुत्रे कधी ना कधी पळाले होते, आणि आरपार दिसणाऱ्या साध्या खऱ्या कुंपणातले साधारण २३ टक्के. जवळजवळ दुप्पट. चावण्याच्या बाबतीत मात्र त्यात कुंपणाच्या प्रकाराने फरक दिसला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं उचललं. वेल्समध्ये तर २०१० पासून कुत्रा-मांजराला शॉकचा पट्टा घालायलाच बंदी आहे, कुंपणाचा असला तरी. आधी मला ते लोक जरा जास्तच हळवे वाटले होते.

वायर नसलेले प्रकार पण आहेत, कोणी विचारेलच. एक म्हणजे घरात डबा ठेवायचा आणि त्याच्याभोवती गोल हद्द तयार होते. आवार गोल असेल तर उत्तम, तुमचं आहे का गोल? शिवाय पत्रा, जाड भिंत, उतार मध्ये आला की गोलाचा बटाटा होतो. दुसरा जीपीएसवाला, मैत्रिणीकडे बघितला. फोनवर बोटाने हद्द आखायची, दिसायला भारी, पण झाडाखाली नाहीतर भिंतीजवळ जागा काही मीटर इकडे तिकडे होते, मोठ्या शेताला चालेल, छोट्या अंगणात कुत्रा मधोमध बसलेला असतानाच झटका खाईल. आणि पट्टा फोनसारखा रोज चार्ज करायचा.

मग कोणालाच चालत नाही का? चालतं. ज्यांचं खरं कुंपण आहे पण कुत्रा त्याखाली उकरतो किंवा वरून उडी मारतो, त्यांनी आतल्या बाजूने वायर टाकली तर उपयोग होतो, कारण तिथे कुत्र्याला हद्द दिसते आणि वेगात आरपार जाता येत नाही. फुलझाडांचं आळं वाचवायला पण बरं. शिकवायला दोन-तीन आठवडे खरोखर वेळ असेल, कुत्रा धीट पण ऐकणारा असेल, तुम्ही घरी असताना वापरणार असाल, तर बघा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको. घाबरट कुत्र्याला अजिबात नको. आधीच चावरा असेल त्याला तर नकोच नको. आणि कुत्र्याला सोडून दिवसभर बाहेर जायचं आहे म्हणून घेत असाल तर पैसे तसेच ठेवा आणि जाळी लावा.

स्टार द्यायचे तर वस्तू म्हणून चार, वायर चांगली, डबा एकदाही बिघडला नाही, पट्टा पाण्यात भिजून पण चालला. कस्टमर केअरला एक, कारण तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा उत्तर एकच, लेव्हल वाढवा. चिंगीबद्दल विचारलं तर म्हणे सवय होईल.

आम्ही शेवटी पाच फुटी जाळी लावली, खालून एक फूट आत वळवून पुरली. खंड्याने आठवडाभर कडेकडेने फिरून तपासणी केली आणि नाद सोडला, आता जाळीला नाक लावून मांजरांना शिव्या देतो. डबा बंद आहे, वायर जमिनीत तशीच आहे, काढायचा कंटाळा. चिंगी हळूहळू अंगणात यायला लागलीय, पण जुनी हद्द होती तिथे अजून थांबते, पाऊल उचलून धरते आणि वळते. झेंडे मी फेकले नव्हते, पिशवीत घालून ठेवले होते. परवा शेजारच्या पोरांना सापडले, लढाई लढाई खेळत झेंडे नाचवत पळत आली अंगणात, चिंगी तिथे उन्हात पडली होती. उठली आणि आत गेली. पोरांना गोड बोलून झेंडे परत घेतले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले, ती संध्याकाळी जेवायला बाहेर आली.